हॉलमधली तीन मतं

आमच्या वॉर्डात कोण किती आहेत हे मला तोंडपाठ आहे. कुठल्या दारामागे किती मतं, कुणाचा मुलगा अमेरिकेला जाऊनही यादीत आहे, कुणाची सून अजून माहेरच्याच यादीत अडकली आहे, सगळं. मुलुंड पूर्वेला जन्म काढला आणि विम्याच्या ऑफिसात आयुष्यभर आकडे जुळवले, दुसरं काय येणार मला? निवडणूक आली की लोक लिफ्टमध्ये विचारायचे, "मावशी, काय वाटतं? कोण येणार?" आणि लपवून काय करू, मला ते फार आवडायचं.

मतदारयादी वाचायची आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येते. आडनावांवरून बोट फिरवायचं आणि खुणा करत जायचं. हे आपले. हे गुजराती. हे साउथचे. हे नाल्यापलीकडचे यूपीवाले. मग 'आपल्यां'मध्येही कोकणातले, घाटावरचे, आणि त्याच्याही पुढचं बारीक बारीक, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही, नुसती भुवई उचलून एकमेकांना कळवतात. आम्ही शिकलेली माणसं बरं का! बाहेर कुणी जातीवरून बोललं की नाक मुरडणारी. पण यादी हातात आली की माझं बोट असं काही चालायचं की पक्षाच्या पोरांनीसुद्धा म्हणावं, मावशी, मानलं तुम्हाला.

माझी मैत्रीण समोरच्या दारात राहते. जुन्या बिल्डिंगीत आम्ही एकाच गॅलरीत होतो. रीडेव्हलपमेंट झालं तेव्हा बिल्डरशी भांडभांड भांडून दोघींनी समोरासमोर फ्लॅट घेतले. ती मालवणकडची, सासरे गिरणीत होते. मी शाकाहारी, म्हणून तिच्या घरात माझ्यासाठी वेगळी कढई आहे, आणि त्या कढईला मासळीचा डाव लागला तर ती सुनावते घरातल्यांना. माझा नवरा गेला तेव्हा माझा मुलगा बंगळुरूहून येईपर्यंत हीच माझ्याजवळ बसून होती. त्यानंतरही कित्येक महिने संध्याकाळी मला हाक मारून खाली फिरायला न्यायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "घाल गो चपला, नाटकं करू नको."

आणि काम! गटाराचं झाकण, बंद पडलेले दिवे, धूरफवारणी, नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या संडासाचं पाणी, हे सगळं ती एकटी बघते. कुणी नेमलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. वॉर्ड ऑफिसातले शिपाई तिला बघून उठून उभे राहतात, आदरानं नव्हे, भीतीनं. वस्तीतल्या काही बायकांना माहुलला घरं मिळाली, त्या तिकडे राहायला गेल्या. तर ही तिकडेही जाऊन आली, पाणी येतं का बघायला. मी म्हटलं, "अगं, आता तो आपला वॉर्ड नाही." तर म्हणाली, "बायका तर आपल्याच आहेत ना?"

महापालिकेची निवडणूक लांबत लांबत एकदाची लागली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. माजी नगरसेवकांनी आपल्या सुनेला उभं केलं. ती बिचारी हात जोडून फोटोत छान दिसते, पण आमचा नाला कुठून कुठे जातो हे तिला माहीत नाही. दुसऱ्या मोठ्या पक्षाची बाई पश्चिमेकडची, गुजराती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि मागून कुणीतरी माझ्या मैत्रिणीला म्हणालं, "तुम्हीच उभ्या राहा की, काकू!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारी बाई मी होते.

त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली. एरवी बसल्या बसल्या चार माणसांना फोन लावणारी बाई, नुसती पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "खरंच उभी रवू काय गो? हसतील माका."

"कोण हसतंय बघते मी," मी म्हटलं. "आख्खी सोसायटी तुझ्यामागे आहे. आणि मी आहे ना!"

तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, हे अजिबात पसंत नव्हतं. बँकेतून रिटायर झालेला शांत माणूस. माजी नगरसेवक त्यांचे जुने दोस्त, आणि भावोजींनी जन्मभर त्याच एका पक्षाला मत दिलेलं. ते एवढंच म्हणाले, "लोक टाळ्या वाजवतात, मतं देत नाहीत. ह्या भानगडीत पडू नकोस." त्यावर ती इतकी भडकली की दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मीही आगीत तेल ओतलं. म्हटलं, पुरुषांना बायको पुढे गेलेली बघवत नाही.

अपक्ष म्हणून तिचा अर्ज भरला, सूचक म्हणून सही माझी. निशाणी मिळाली कुकर. झालं, बायकांना विषयच मिळाला. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे तेच. "काकू, शिट्टी वाजणार!" "एकदम फिक्स आहे, टेन्शन नाय घ्यायचं!" आम्ही दोघी पत्रकं घेऊन दारोदार हिंडलो. आमच्या विंगांमध्ये लोकांनी सरबतं पाजली, पाठीवर हात फिरवले. एका गृहस्थांनी तर तिच्या पाया पडायला मुलाला पुढे केलं. वस्तीत मात्र कुणी सरबत दिलं नाही. "बघू," म्हणाल्या बायका, आणि आपापल्या कामाला लागल्या. परत येताना मी तिला म्हटलं, "ह्यांचं काही खरं नाही. हे पाकीट देईल त्याचे. आपला भरवसा आपल्या बिल्डिंगींवर." हे मी म्हटलं. माझ्या ह्याच तोंडानं.

ह्या वेळी मतदान केंद्र आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये आलं. कोण आनंद झाला सगळ्यांना! ऊन नाही, रांगा नाहीत, चपला घालून खाली उतरायचं आणि मत द्यायचं. ज्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, मुलांची बारशी होतात, तिथेच मशीन. पण त्या मशीनमध्ये फक्त आमच्याच सोसायटीची मतं असणार आणि मोजतानाही ती वेगळी मोजली जाणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आकड्यांत मुरलेल्या माझ्यासुद्धा नाही. आमच्या पूर्वीच्या केंद्रावर चार सोसायट्या आणि अर्धी वस्ती एकत्र असायची, कुणी कुणाला दिलं ते त्यात मिसळून जायचं. त्या सवयीत राहिलो आम्ही.

मी तिची पोलिंग एजंट. सकाळपासून हॉलमध्ये यादी मांडीवर घेऊन बसले. जो तो यायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा, कुणी हळूच अंगठा दाखवायचं, कुणी ओठांनी शिट्टीचा आविर्भाव करायचं. मैत्रीण सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंना दिसत नाही, म्हणून सोबतीचा फॉर्म भरून ती त्यांच्याबरोबर आत गेली. उमेदवारच सोबत कशी, म्हणून तिथल्या साहेबांनी कुरकुर केली, तर सासूबाई म्हणाल्या, "माझी सून आसा ती, दुसरा कोण आणू?" सगळे हसले. भावोजी त्यांच्या मागून आले, मत दिलं, कुणाकडे न बघता गेले.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी उठून माझं मत द्यायला गेले. आता हे नीट सांगते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले. वर पक्षांची नावं, कुकर पार खाली. तिच्याविरुद्ध माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. पण डोक्यात ती मेली आकडेमोड सुरू झाली. आपली इतकी, त्यांची इतकी. आपली फुटली तर ती पश्चिमेकडची बाई येणार. मैत्रीण काही निवडून येत नाही, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला मानाची मतं मिळाली म्हणजे पुरे, आणि तेवढी तर आपली सोसायटी देतेच आहे, डोळ्यांनी बघितलं ना मी सकाळपासून. मग माझं एक त्या सुनेला गेलं तर काय बिघडलं? उलट शहाणपणाचं होईल. आणि माझं बोट वर गेलं. मशीनचा तो लांब आवाज आला. बाहेर येऊन मी पुन्हा तिच्या नावाचा बिल्ला छातीवर सरळ केला आणि खुर्चीवर बसले.

मला लाज तेव्हा वाटली नाही. हेच तर आहे. मला तेव्हा हुशारी वाटली.

मतमोजणी एका शाळेत होती. जाळीच्या अलीकडे आम्ही एजंट, पलीकडे टेबलावर मशीन. मैत्रीण नवी इस्त्रीची साडी नेसून माझ्या शेजारी. पहिली मशीन वस्तीतली निघाली. तिथला माणूस एकेक आकडा मोठ्यानं वाचत होता. कुकरचा आकडा ऐकला आणि मी दचकून वर बघितलं. चांगला भरभक्कम आकडा, एका पक्षाच्या तर वर. त्यात माहुलहून आलेल्या बायकाही होत्या, ते आम्हाला मागाहून कळलं. त्यांची नावं अजून इथल्याच यादीत होती, स्वतःच्या पैशानं बस बदलत आल्या होत्या. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. "बघितलंस? अजून आपला हॉल यायचाय गो!"

आपला हॉल आला. त्यानं मशीनचा नंबर वाचला, केंद्राचं नाव वाचलं. माजी नगरसेवकांची सून: नुसती भरघोस. पश्चिमेकडची: बऱ्यापैकी. असं करत करत खाली आला आणि म्हणाला, "तीन."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनं जाळीला तोंड लावून विचारलं, "किती म्हणालात, दादा?"

"तीन, मॅडम. तीन." आणि पुढचा आकडा.

काय सांगू मला काय झालं! आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. म्हणजे सगळ्यांनीच? अंगठा दाखवणाऱ्यांनी, मुलाला पाया पडायला लावणाऱ्यांनी, सरबतवाल्यांनी? सगळ्यांनी माझ्यासारखाच हिशेब केला होता. बाकीचे देतायत ना, मग मी शहाणपणा केला तर काय बिघडलं! आख्ख्या सोसायटीत प्रत्येकाला वाटलं होतं की असा शहाणपणा करणारे आपण एकटेच. आणि माझ्या मताची गरज तरी कुणाला होती? माजी नगरसेवकांची सून हजारोंनी निवडून आली. गुलाल उधळत मिरवणूक आमच्याच गेटवरून गेली. गेटवर पेढे वाटणारे आमचेच लोक होते.

मैत्रीण रिक्षातून उतरली. घरी आली, साडी न बदलता सोफ्यावर बसली. मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. भावोजी खिडकीपाशी पेपर घेऊन होते, सासूबाई आत झोपलेल्या. मी कप तिच्या हातात दिला आणि ती बोटं मोजायला लागली.

"एक माझा. एक आईंचा, माझ्या हातानं दाबलंय मी, त्यात शंका नाय. आणि एक तुझा." तिनं माझ्याकडे बघितलं. "झाले की तीन."

माझ्या हातातला कप हातातच राहिला.

तिनं मान वळवली. आवाज एकदम बारीक झाला. रागावली की ती मोठ्यानं बोलते, पण हा राग नव्हता. "तुमी माका मत दिलास नाय? खरा काय ता सांगा."

भावोजींनी पेपर खाली केला. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या एका क्षणात त्यांना सगळं समजलं. स्वतःचं बोट कुठे पडलं ते त्यांना ठाऊकच होतं. तेव्हा ते तिसरं मत माझं नाही, हे समजायला विम्याच्या ऑफिसात काम करावं लागत नाही. माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं देव जाणे. मी तोंड उघडायला हवं होतं. 'अगं, थांब,' एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप बाहेर आलं असतं. मी कपातल्या चहाकडे बघत बसले.

"नाही दिलं," भावोजी म्हणाले. "सवय नडली. हात जुन्याच निशाणीवर गेला."

ती रडली नाही. कप टीपॉयवर ठेवला, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी आणि भावोजी समोरासमोर. मला वाटलं, आता हा माणूस मला काहीतरी बोलेल, बोलू दे, चार शिव्या घालू दे. त्यांनी पेपर उचलला आणि म्हणाले, "चहा घ्या, ताई. गार होतोय."

मी घेतला तो चहा. अख्खा कप घेतला, माझी मलाच किळस येते सांगताना.

पुढचे दिवस त्या घरात काय चाललंय ते मला रोज कळत होतं, कारण ती मलाच येऊन सांगायची. त्यांचं ताट वाढते, बोलत नाही. मुलीचा पुण्याहून फोन आला तर तिलाही सांगितलं, तुझ्या बाबांनी असं केलं. मुलगीही बापाला टाकून बोलली. बिल्डिंगीतल्या लोकांचं तिला काही वाटलं नाही म्हणे, ते असेच. "पण घरातलो माणूस गो!" असं म्हणायची आणि माझ्या सोफ्यावर डोळे पुसायची. मी पाणी आणून द्यायची. दर वेळी ठरवायची, आज सांगायचंच, आणि दर वेळी पाणी आणून द्यायची. माझ्याइतकी नीच बाई ह्या सोसायटीत दुसरी नसेल, आणि ही सोसायटी कशी आहे ते आकड्यानिशी जाहीर झालेलं आहे.

शेवटी एका सकाळी भावोजी दुधाच्या पिशव्या घेऊन लिफ्टशी उभे दिसले. मी त्यांना जिन्याकडे बोलावलं.

"भावोजी, तुम्ही खोटं का बोललात?"

"तुम्ही तरी कुठे खरं बोललात?" ते म्हणाले. रागानं नाही, दुधाचा भाव सांगावा तसं.

मला रडूच फुटलं. ते अवघडून इकडेतिकडे बघायला लागले, कुणी येतंय का म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा ताई, मी नवरा आहे. माझ्यावर रागावली तरी जाणार कुठे? एक महिना बोलणार नाही, दोन महिने बोलणार नाही. पण तुमच्यावर रागावली असती ना, तर पुन्हा तुमचं दार वाजवलं नसतं तिनं. ओळखतो मी तिला. ह्या सगळ्या लोकांनी आपले रंग दाखवल्यावर तिला इथे उरलं कोण? तुम्ही उरलात. ते तरी राहू दे म्हटलं."

"मी सांगते तिला," मी म्हटलं. "आत्ता वर जाऊन सांगते. दोष तुमच्या डोक्यावर का?"

"आता सांगून काय होणार? तुम्ही गप्प बसलात हे कळेल, आणि मी खोटं बोललो हेही कळेल. म्हणजे दोघंही गेलो." लिफ्ट आली. त्यांनी दार धरलं. "तिला एकदा उभं केलंत ना तुम्ही? आता निदान पाडू नका."

ते वर गेले. मी जिन्यातच बसून राहिले. वरून कुणीतरी उतरताना विचारलं, "काय मावशी, गुडघा दुखतोय काय?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. "घाल गो चपला." मी चपला घातल्या. आम्ही कंपाउंडमध्ये चकरा मारल्या. समोरून आमच्याच विंगेतली एक बाई येत होती, ती आम्हाला बघून फोनवर बोलायचं नाटक करत बाजूला झाली. मैत्रीण तिच्याकडे बघून हसली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "जाऊ दे ह्यांका. एक तरी माणूस खरा मिळाला माका, तेवढा पुरे." आणि माझा हात हातात घेतला.

मी तो सोडवून घेतला नाही.